अनिलीन : रंगाचे तेल, रक्ताचे विष

अनिलीन हा शब्द कानाला परका लागतो. परंतु त्याचे मूळ आपल्याच 'नीळ' शब्दात आहे. नीळ अरबांबरोबर पश्चिमेस गेली, पोर्तुगिजांच्या तोंडी 'अनिल' झाली. १८२६ साली उन्फरडोर्बेन या जर्मन रसायनज्ञाने निळीचे ऊर्ध्वपातन करून एक तेल काढले. त्याला पुढे हे नाव मिळाले. १८५६ साली लंडनच्या अठरा वर्षांच्या पर्किनने त्यापासून जांभळा रंग केला. पुढे कृत्रिम नीळही त्यापासून होऊ लागली आणि निळीची शेती बसली. लेकीने माहेर बुडवले म्हणायचे!

महाराष्ट्रात रसायनी येथील सरकारी कारखान्यात बेंझीनपासून नायट्रोबेंझीन व त्यापासून अनिलीन होत असे. २०१७ साली तेथील बहुतेक विभाग बंद करण्याचे ठरले. आज जगातील बहुतेक अनिलीन रंगांत नव्हे, फोमसाठी खर्च होते. काही रबराकडे व औषधांकडे जाते.

ताजे अनिलीन बिनरंगी असते, हवा लागताच तपकिरी होते. वास नासक्या मासळीचा. ते कातडीला फारसे झोंबत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. न झोंबता ते कातडीतून रक्तात उतरते, तांबड्या पेशींतील लोहाचे रूप पालटते, आणि ते रक्त प्राणवायू वाहीनासे होते. ओठ व नखे निळसर पडतात, डोके दुखते, घेरी येते. कधी हे सारे काही तासांनी दिसते. दारू घेतलेल्यास बाधा अधिक होते.

हे तिसगावात कशाला, असे कोणी विचारील. कल्याणहून निघालेला महामार्ग नगर, करंजी करीत आमच्या दारावरून पाथर्डीकडे जातो, आणि आमची पोरे त्याच वाटेने कारखान्यांत जातात. शिवाय आम्ही दुष्काळी मुलखातले. भंगारातले पिंप स्वस्त मिळाले की त्यात पाणी भरतो. अनिलीन पाण्यात थोडे विरघळते. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी प्यायच्या पाण्याला घेऊ नये.

अंगावर सांडल्यास कपडे, चपलासुद्धा, लगेच उतरावेत. चामडे हे तेल शोषून ठेवते. साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे आणि बरे वाटले तरी दवाखाना गाठावा. उतारा आहे, तो मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग, अनिलीनच्याच कुळातला! तो शिरेतून, डॉक्टरांनीच द्यायचा. काही जणांच्या रक्ताला तो सोसत नाही. म्हणून पिंपावरचे नाव कागदावर उतरून बरोबर न्यावे.