शेवटी हृदय सगळ्यांचेच बंद पडते

वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता वाचल्या तर महाराष्ट्रात माणसे एकाच आजाराने जातात असे वाटेल. दोन वर्षे डायलिसिसवर असलेले काका गेले, 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'. कर्करोग यकृतापर्यंत पोचलेल्या आजी गेल्या, त्याही झटक्यानेच. घरच्यांना विचारावे तर उत्तर तयार असते: ''डॉक्टरच म्हणाले, हार्ट बंद पडलं.'' अहो, ते कुणाचे पडत नाही? सामना का हरलो असे विचारल्यावर 'शेवटची विकेट पडली म्हणून' असे सांगण्यातला हा प्रकार आहे.

हृदयविकाराचा झटका हा आजार आहे. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकते, स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरू लागतो. हृदय थांबणे ही मात्र प्रत्येक मृत्यूची शेवटची पायरी. तिला कारण म्हटले की आकडेवारीचा पायाच ढासळतो.

निधनवार्तेत हे खपून जाते. रुग्णालयाच्या कागदावर खपू नये. आपल्याकडे रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर 'नमुना ४' भरतात, घरी झाला तर '४अ'. त्यातल्या पहिल्या भागाच्या ओळी वरून खाली भरत जायच्या आणि काळात मागे मागे जायचे. सर्वांत वर मृत्यूला थेट कारणीभूत ठरलेली गोष्ट, खाली ती कशामुळे झाली, त्याखाली तेही कशामुळे. मृत्यूला हातभार लावणारे, पण या साखळीत नसलेले आजार दुसऱ्या भागात. आंतरराष्ट्रीय नियम असा की ज्या आजाराने किंवा अपघाताने ही साखळी सुरू झाली, ते मूळ कारण. आकडेवारीच्या मुख्य तक्त्यात मृत्यू मोजायचा तो एकदाच, आणि त्या मूळ कारणाखाली.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली, गँगरीन झाले, रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि तो गेला. वर सेप्टिसीमिया, मधे गँगरीन, तळाला मधुमेह. हा मृत्यू मधुमेहाचा. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण व्हेंटिलेटरवर असताना न्यूमोनियाने गेला, तर तो रस्ते अपघाताचा बळी, न्यूमोनियाचा नव्हे.

आता हाच कागद भरताना डॉक्टरांनी नुसते 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिले, तर? नमुन्यावर छापलेलेच असते की आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा. 'हार्ट फेल्युअर'सारखी मरण्याची तऱ्हा लिहू नका. तरीही लिहिले जाते. रात्रीची पाळी, नातेवाइकांची घाई, हे सगळे खरे. पण दुसरे काहीच लिहिलेले नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अशा मृत्यूला 'आय ४६' हा संकेतांक मिळतो, आणि तो रक्ताभिसरणाच्या आजारांच्या प्रकरणात येतो. म्हणजे आपला मधुमेही माणूस सरकारी तक्त्यात हृदयरुग्ण होऊन बसतो. अभ्यासक अशा निरुपयोगी नोंदींना सरळ 'गार्बेज कोड' म्हणतात. मधुमेहावर किती खर्च करायचा हे ठरवणारा माणूस तोच तक्ता बघत असतो.

२०२० च्या सरकारी अहवालात, वैद्यकीय कारण नोंदवलेल्या मृत्यूंपैकी ३२.१ टक्के रक्ताभिसरणाच्या आजारांचे होते. 'देशातला प्रत्येक तिसरा मृत्यू हृदयविकाराने' असा मथळा यावरून काढणाऱ्यांनी अहवालाचे पुढचे पान उलटलेले नसते. त्या वर्षी नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंना असे प्रमाणपत्र होते. गोव्यात शंभर टक्के, काही राज्यांत नगण्य. शिवाय हे प्रामुख्याने रुग्णालयातले मृत्यू. घरी गेलेल्यांचा अंदाज नमुना नोंदणी पद्धतीतून येतो: प्रशिक्षित कर्मचारी घरी जाऊन शेवटच्या आजारपणाची लक्षणे विचारतात आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. त्यातही हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजारच आघाडीवर आहेत, तेव्हा 'म्हणजे हृदयविकार हा बागुलबुवाच' असा उलटा अर्थ कृपया काढू नका.

'मधुमेहाने गेला आणि कोविडच्या नावावर टाकला' हे अजूनही ऐकू येते. मूळ कारणाचा नियम कोविडसाठी नवा नव्हताच. कोविडने न्यूमोनिया, न्यूमोनियाने श्वास अपुरा, अशी साखळी असेल तर मूळ कारण कोविड. मधुमेह दुसऱ्या भागात. मधुमेहासोबत तो रुग्ण कदाचित आणखी दहा वर्षे जगला असता. आणि कोविडची चाचणी पॉझिटिव्ह असलेला माणूस ट्रकखाली आला, तर तो मृत्यू अपघाताचाच धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच हे लिहून दिले होते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'म्हातारपणाने गेले': याला संकेतांक आहे, पण तो अस्पष्ट कारणांच्या खात्यातला. राणी एलिझाबेथ यांच्या मृत्यू-नोंदीत हेच कारण आहे, एवढ्यावरून ते निदान ठरत नाही. 'तंबाखूचे बळी' प्रमाणपत्रांवरून थेट मोजत नाहीत, सवयीचे प्रमाण आणि आजाराचा धोका यांवरून काढतात. त्यामुळे तंबाखू, रक्तदाब, प्रदूषण यांचे बळी एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांची बेरीज करू नये. 'हृदयविकाराचा टक्का वाढला, म्हणजे आजार वाढला': टक्के शंभरच असतात, क्षय आणि अतिसाराचे मृत्यू घटले की उरलेल्यांचा वाटा आपोआप फुगतो. पक्षाघात दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या गटात आहे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो मज्जासंस्थेच्या आजारांत गेला. तेव्हा पुढेमागे एखाद्या देशात 'हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू अचानक घटले' अशी बातमी आली, तर आधी आवृत्ती तपासा.

शेवटचे, कामाचे. महापालिका किंवा ग्रामपंचायत जो मृत्यूचा दाखला देते, त्यावर कारण नसते आणि ही कारकुनाची चूक नव्हे. दाखल्यात कारण उघड करू नये असे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदाच सांगतो. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे, तीही विनामूल्य. ती मागून घ्या. पहिल्या भागाची सर्वांत खालची ओळ वाचा, आणि तिथे नुसते 'अरेस्ट' असेल तर डॉक्टरांना विचारा: कशामुळे?