बंदी नको, कर चालेल

न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी 2012 मध्ये गोड पेयांच्या मोठ्या ग्लासांवर बंदी घालू पाहिली. न्यायालयाने ती रद्द केली, आणि ते बरंच झालं. कराची गोष्ट वेगळी. बर्कले शहराच्या मतदारांनी 2014 मध्ये गोड पेयांवर औंसामागे एक सेंट कर स्वतःच मंजूर केला. फिलाडेल्फियात 2017 पासून दीड सेंट लागू झाला आणि पहिल्याच वर्षी मोठ्या दुकानांतली अशा पेयांची विक्री 51 टक्क्यांनी घटली. शेजारच्या गावांत जाऊन केलेली खरेदी वजा केली, तरी घट 38 टक्के उरते. 'मी काय प्यावं हे सरकारने का ठरवावं?' हा आक्षेप रास्त आहे. पण करात बाटली दुकानात राहतेच, फक्त महागते. गरिबाच्या खिशाला ही महागाई जास्त जाणवते, हे मात्र खरं. फिलाडेल्फियाने कराच्या पैशातून बालवाड्या चालवल्या, म्हणून तो कर मला समर्थनीय वाटतो.