रेणूला शिंप्याची कात्री

रसायनशास्त्रज्ञ म्हटला की काचेच्या नळ्या, दिवा आणि अ‍ॅसिडचा वास आठवतो. आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्या प्रा. श्रीधर रामचंद्र गद्रे यांची हत्यारे मात्र दोनच : गणित आणि संगणक.

आता तुम्ही विचाराल, गणिताने रसायन कसे कळायचे? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला बांबू घ्या. त्याचा मोठा भाग सेल्युलोजचा. म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवलेली लांबच लांब माळ. पाण्याच्या एका रेणूत १० इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या जोड्या होतात ४५. प्रत्येक जोडीतले दोघे एकमेकांना दूर लोटतात, आणि अणूंची केंद्रके सगळ्यांना ओढतात. बांबूच्या माळेतल्या एकाच मण्यात ८६ इलेक्ट्रॉन, म्हणजे ३६५५ जोड्या! ही ओढाताण मांडली की रेणूचा आकार, ताकद, स्वभाव कळतो. पण रेणू दुप्पट झाला की हिशेब दुपटीवर थांबत नाही. साध्या पद्धतीत तो सुमारे १६ पट वाढतो, फार काटेकोर पद्धतीत १२८ पट. आज एका दिवसात होणारे काम चार महिन्यांवर जाते. मग मोठ्या रेणूचे करायचे काय?

पुणे विद्यापीठात असताना गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक युक्ती मांडली. तिच्या इंग्रजी नावातच शिंपीकाम आहे. मोठ्या रेणूचे तुकडे करायचे, प्रत्येकाचा हिशेब वेगळा करायचा, आणि मग जोडायचे. पण शिंपी कापड अगदी रेघेवर कापीत नाही. शिवणीसाठी थोडी माया ठेवतो. इथेही तसेच. शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले ठेवतात, कारण शेजारी नसला की इलेक्ट्रॉनांची वागणूक बदलते. कापलेल्या उघड्या टोकाला हायड्रोजनचा अणू टाचतात.

गुरुजी, हे वर्गात सहज दाखवता येईल. बांधावर सहा झाडे आहेत. एका गटाने पहिली चार मोजली, दुसऱ्याने शेवटची चार. बेरीज आली आठ. मधली दोन दोनदा मोजली गेली, ती एकदा वजा करा; उरली सहा. रेणूच्या ऊर्जेचा हिशेबही पुढे याच रीतीने होऊ लागला. फरक एवढाच, की झाडांचे उत्तर बरोबर येते आणि रेणूचे जवळपास. कारण लांबच्या शेजाऱ्याचा थोडा प्रभाव सुटतो. म्हणून लहान रेणूचा पूर्ण हिशेब करून चूक किती आली ते आधी ताडून पाहावे लागते. चूक मोजून सांगणे हेही शास्त्राचेच काम आहे.

याआधी, १९९० साली, गद्रे आणि राजीव पाठक यांनी एक नियम सिद्ध केला होता. रेणूभोवती विजेचा जो प्रभाव पसरलेला असतो, त्याला डोंगरदऱ्यांचा मुलूख समजा. या मुलखात शिखरे असतात ती फक्त अणूंच्या केंद्रकांवर. अधेमधे कुठेही नाहीत. दऱ्या मात्र असू शकतात, आणि धन विद्युतभार तिकडे ओढला जातो. दुसरा रेणू कोणत्या बाजूने येऊन चिकटेल, याचा सुगावा असा लागतो. हे सिद्ध करायला यंत्र लागले नाही. कागद आणि विचार पुरला.

१९९३ साली गद्रे यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते कानपूरच्या आय.आय.टी.त गेले आणि नंतर पुन्हा पुण्याला आले. पाण्याचे रेणू एकत्र येऊन घोळके कसे करतात, यावरही त्यांनी पुष्कळ काम केले. जगानेही या शाखेचा मान राखला आहे : १९९८ आणि २०१३ ही दोन्ही वर्षे रसायनाचे नोबेल पारितोषिक गणिताने रेणू समजून घेणाऱ्यांना मिळाले.

आपल्या जंगलपट्टीतल्या कितीतरी शाळांतून ऐकू येते, ‘प्रयोगशाळा नाही, मग विज्ञान कसले?’ प्रयोगशाळा हवीच, आणि ती मागत राहिलेच पाहिजे. गणिताच्या उत्तराची शेवटची परीक्षाही प्रयोगच घेतो. पण ती येईपर्यंत मुलांचे वर्ष वाया घालवू नका. ज्या मुलीला बांधावरची सहा झाडे बरोबर मोजता आली, मधली दोन का वजा केली हे सांगता आले, तिने या विद्येच्या उंबरठ्यावर पाय ठेवलाच आहे. तिला आत बोलावणे आपल्या हाती आहे.