चिंचणीचा ताम्रपट काय बोलतो?

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि सनावळ्या आठवतात. शाळेत त्यांनीच आपला छळ मांडलेला असतो! पण इतिहासकार खरोखर काय करतो हे पाहायचे, तर डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला चलावे. १९५५ साली तेथे काही जुने ताम्रपट सापडले.

त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा. त्यावर शके ८४८ कोरले आहे. त्यात ७८ मिळवा, इसवी सन ९२६ हाती येते. एवढे गणित कोणीही करील. गंमत पुढेच आहे. संजाणचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्यात ‘मधुमती’ असे दिले आहे. वाचकांना एखादी राणी आठवली असेल! पण ताम्रपट त्याला ‘ताजिक’ म्हणतो, म्हणजे अरब. मधुमती हे महंमद या नावाला संस्कृत पंडितांनी नेसवलेले सोवळे. या महंमदाने नदीच्या प्रवाहांवर फुकट होड्या ठेवल्या, भात, कालवण आणि तूप वाढणारे अन्नछत्र घातले आणि इंद्राच्या संमतीने देवीच्या मठाला एक गाव व काही जमीन दिली.

दानपत्र दात्याची स्तुती करणारच. इतिहासकार ती बाजूला सारतो आणि लिहिणाऱ्याच्या हातून सहज निसटलेले वेचतो. होड्या लागत होत्या, म्हणजे वाटेवर वर्दळ होती. परदेशी मुसलमान हिंदू राजाचा अधिकारी होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मात्र दान दिलेल्या त्या गावात नांगर कोण धरीत होते, याबद्दल तांबे अक्षरही बोलत नाही.

हजार वर्षांनी शेजारच्या तलासरीत हाच पेच पडतो. १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारे ‘लग्नगडी’ सावकाराच्या दारातून उठले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. याचे दप्तर सरकारचे. दुसरी साक्ष गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकाची. पण त्या तर लढ्याच्या पुढारी! दोन्ही साक्षी उलटसुलट तपासायच्या, आणि ज्यांच्या हाती तेव्हा लेखणी नव्हती त्यांच्या घरी जाऊन ऐकायचे. त्या पिढीतली माणसे आता फार थोडी उरली आहेत.