मोनार्ट काच
मोनार्ट काच : स्कॉटलंडमधील पर्थ येथे १९२४ ते १९६१ या काळात, दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता, हाताने फुंकून घडविलेली रंगीत कलात्मक काच. तिच्या फुलदाण्यांना संग्राहकांकडून विशेष मागणी असते.

पर्थ येथील जॉन मंक्रीफ कंपनीचा कारखाना मुख्यतः बाष्पित्रातील पाण्याची पातळी दर्शविणाऱ्या काचनळ्या व प्रयोगशाळेतील काचपात्रे तयार करीत असे. बार्सेलोनात जन्मलेला काच-कारागीर सॅल्व्हादोर इसार्ट (१८७८–१९५५) हा १९१५ मध्ये फ्रान्समधून स्कॉटलंडला आला व १९२२ मध्ये या कारखान्यात रुजू झाला. मालकाची पत्नी इझाबेल मंक्रीफ हिने त्याच्या रंगीत कामाला उत्तेजन दिले. मंक्रीफ व इसार्ट या आडनावांच्या संयोगातून ‘मोनार्ट’ हे नाव बनले. सॅल्व्हादोरचे मुलगेही याच भट्टीवर काम करीत.

फुंकनळीच्या टोकावरील वितळलेल्या काचेचा गोळा रंगीत काचेच्या पुडीत घोळवून त्यावर स्वच्छ काचेचा थर देत. त्यामुळे रंग दोन थरांमध्ये बंदिस्त होई. मऊ काच आकड्याने ओढून वा पिळून भोवऱ्यासारखी वलये काढीत. काही पात्रांत सोनेरी चमकीचे कण वा हवेचे बुडबुडे आढळतात. प्रत्येक पात्र हाताने घडविलेले असल्याने एकाच नमुन्याची दोन पात्रेही तंतोतंत सारखी नसतात.

महायुद्धानंतर सॅल्व्हादोर आपल्या व्हिन्सेंट व ऑगस्टिन या मुलांसह कंपनीतून बाहेर पडला. त्यांनी पर्थमध्येच स्वतंत्रपणे काढलेली काच ‘व्हासार्ट’ या नावाने ओळखली जाते. पॉल (१९०४–९१) मात्र मंक्रीफकडेच राहिला. त्याची पेपरवेटेही नावाजलेली आहेत.

दोन्हीकडचे हात व तंत्र एकाच घराण्याचे असल्याने केवळ रंगरूपावरून निवाडा करणे धोक्याचे ठरते. मोनार्टवर कारागिराची सही नसे. आकार, मापन व रंग यांचे संकेत दिलेली कागदी चिठ्ठी बुडाशी चिकटवीत. पाण्याने भरावयाच्या व वारंवार धुवावयाच्या पात्रावर कागद किती काळ टिकणार! त्यामुळे चिठ्ठी शाबूत असलेले पात्र अधिक मोलाचे ठरते. चिठ्ठी नसल्यास बूड पाहावे लागते. घडविताना पात्र ज्या सळईवर पेलतात, तिची खूण मोनार्टमध्ये सामान्यतः सपाट घासून चकतीसारखी गुळगुळीत केलेली असते. व्हासार्टमध्ये ती बहुधा अंतर्वक्र असते व पुष्कळदा तेथे आम्लाने कोरलेले नाव दिसते. व्हासार्टचे रंगही साधारणतः फिके असतात. ओरखडे घालविण्यासाठी जुने बूड पुन्हा घासून घेणारा संग्राहक स्वतःच्याच हाताने हा पुरावा पुसून टाकतो. खरेदीपूर्वी पात्र उलटे करून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

व्हासार्टचा व्यवसाय १९६५ मध्ये क्रीफ येथे ‘स्ट्रॅथर्न’ या नावाने पुढे चालू झाला. त्या काचेच्या बुडाशी उसळी मारणाऱ्या सामन माशाचा ठसा असल्याने ती ओळखणे त्यामानाने सोपे जाते. मोनार्टचा मोठा संग्रह पर्थ येथील संग्रहालयात आहे.