घाट चढताना हवा राबते

जूनमध्ये नैऋत्येचा वारा महाडकडून येऊन वरंध घाटाच्या कड्यांना भिडतो आणि भोर-वेल्ह्याचा मुलूख ढगांत बुडतो. वर थंडी असते, म्हणून वर गेलेली हवा गार होते, असे उत्तर अनेकदा ऐकू येते. ते उलटे आहे. ही हवा स्वतः राबून गार होते.

उंची वाढते तसा भोवतीचा दाब कमी होतो आणि हवा फुगते. फुगायचे तर शेजारच्या हवेला मागे सारावे लागते. हेच वायूने केलेले कार्य. बाहेरून उष्णता मिळायला सवड नसते, म्हणून खर्च पदरच्या ऊर्जेतून होतो. एक किलो कोरडी हवा 1 किलोमीटर चढली, की नुसत्या फुगण्यात सुमारे 7,000 ज्यूल खर्ची पडतात. तेवढ्यात 700 किलोचे ओझे 1 मीटर उचलता येईल! तापमान उतरते सुमारे 9.8 अंशांनी. 1,403 मीटर उंचीच्या तोरण्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधीच मोसमी हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते. पाणी होताना वाफ सुप्त उष्णता सोडते, गार होण्याचा वेग निम्म्यावर येतो आणि त्या उबेने ढग आणखी वर चढतो.

हिशेबाचे एकक ज्यूल या शास्त्रज्ञाच्या नावाचे आहे, पण वायूच्या कार्यातून उष्णतेची किंमत पहिल्यांदा काढणाऱ्यांत युलिउस रॉबर्ट मायर हे नाव अग्रभागी हवे. हा जर्मन डॉक्टर 1840 मध्ये डच जहाजावरून जावाला गेला. उष्ण प्रदेशात खलाशांच्या शिरांतले रक्त जास्त लाल दिसले आणि उष्णता व श्रम यांच्या नात्याने त्याला झपाटले. मोकळेपणी फुगू दिलेली हवा तापवायला बंद भांड्यातल्या हवेपेक्षा जास्त उष्णता लागते. ही जादा उष्णता म्हणजेच फुगण्याचे कार्य, हे त्याने ओळखले. 1842 मध्ये त्याने उष्णतेच्या या किमतीचा आकडाही छापला. ज्यूलचे पहिले मोजमाप 1843 चे. भौतिकशास्त्रज्ञांनी मायरकडे वर्षानुवर्षे लक्ष दिले नाही. रॉयल सोसायटीचे कॉपली पदक ज्यूलला 1870 मध्ये मिळाले, मायरला 1871 मध्ये. बारावीला ही जादा उष्णता मांडणारे मायरचे सूत्र शिकवताना शिक्षकांनी ही गोष्ट जरूर सांगावी.

पुन्हा घाटाकडे वळू. माथा ओलांडून पूर्वेला उतरणाऱ्या हवेला आता भोवतीचा दाब आवळतो. सायकलचा पंप मारताना तापतो, तशीच ती तापते आणि ढग विरतात. म्हणून बारामती-फलटणचा पट्टा कोरडा. तिथली शेती भिजते ती भाटघर आणि नीरा-देवघर धरणांत साठून नीरेच्या कालव्यांनी येणाऱ्या घाटमाथ्याच्या पावसावर.