भिंतीतल्या तारा म्हाताऱ्या झाल्या, तर?

कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीच्या काठी वसलेले बजबज हे तागाच्या गिरण्यांचे आणि तेलाच्या टाक्यांचे गाव. सियालदाहून निघालेली लोकल इथे येऊन थांबते. शेजारच्या पुजालीत १९९७ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. आज त्याचे २५० मेगावॉटचे तीन संच कोलकात्याला वीज पुरवतात. विजेचा कारखाना असा हाकेच्या अंतरावर असला, तरी गावातल्या जुन्या घराला त्याचा काय उपयोग? लाकडी बॅटनपट्टीवरच्या काळवंडलेल्या तारा, चिनी मातीचे फ्यूज आणि दोन पिनांची सॉकेट्स असली, की घर वीजकेंद्राजवळ असून नसल्यासारखेच. पुण्याच्या पेठेतला वाडा किंवा गिरगावातली चाळ यांचीही हीच कथा.

हे वायरिंग झाले, तेव्हा घरात दोन-तीन पंखे, चार दिवे, एक रेडिओ आणि फार तर इस्त्री होती. आता त्याच तारांवर फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि गीझर आले. २००० वॉटचा एकटा गीझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, की तिच्यातली उष्णता चौपट होते. वरचे रबर किंवा प्लॅस्टिक वाळते, तडकते आणि भिंतीच्या ओलीत वीज झिरपू लागते. नदीकाठच्या गावात पावसाळ्यात भिंती कोरड्या कधी असतात?

स्विच बोर्ड गरम लागणे, जळका वास येणे, फ्रिज सुरू होताच दिवे मंदावणे, नळाला हात लावताच मुंग्या येणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर दिवाळीची वाट पाहू नये. एरवी आपण रंगावर हजारो रुपये खर्च करतो, आणि वायरिंगची गोष्ट निघाली की ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणतो. त्यातून फ्यूज वारंवार उडू लागला, की कोणीतरी हुशार माणूस त्यात जाड तार बसवून देतो. फ्यूज उडायचा थांबतो खरा, पण आता जळायची पाळी भिंतीतल्या तारेची असते. जुन्या बारीक तारेवर मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवणे हा त्याच हुशारीचा नवा अवतार.

मिस्त्री कोणता बोलवावा?

कोपऱ्यावरच्या दुकानातला, बल्ब-पंखा लावून देणारा पोऱ्या या कामाला चालत नाही. बल्ब, पंखा, स्विच किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर घरातले विजेचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, असे १९५६ च्या वीज नियमांपासून बंधन आहे. परवाने राज्य सरकार देते. तेव्हा परवाना दाखवायला सांगताना संकोच कसला? चांगला ठेकेदार त्याने रागावत नाही. तो दर सांगण्याआधी तासभर घर पाहतो, कोणती उपकरणे आहेत आणि पुढे एसी घ्यायचा आहे का, हे विचारतो. दारातूनच आकडा फेकणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा. भार वाढणार असेल, तर वीज कंपनीकडून तो मंजूर करून घ्यावा लागतो, हेही खरा जाणकार आपणहून सांगतो.

सगळ्यात मोठी लबाडी होते ती अर्थिंगमध्ये. जुन्या घरात दोनच तारा असतात, तिसरी नसते. नवे तीन पिनांचे सॉकेट बसवताना आळशी कारागीर अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून मोकळा होतो. चाचणीचा दिवा लावला तर तो झगझगीत पेटतो आणि घरमालक खूश होतो! पण पुढे कधी त्या सॉकेटकडे येणारी न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली, तर फ्रिजच्या पत्र्यात थेट वीज उतरते. ओल्या हाताने दार उघडणाऱ्या गृहिणीला किंवा मुलाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून दिव्यावर विसंबू नये. मेन स्विच बंद करून सॉकेट उघडून दाखवायला सांगावे. प्रत्येक सॉकेटमधून स्वतंत्र हिरवी तार निघून मीटरजवळच्या अर्थ जोडणीपर्यंत आणि तिथून जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेली असली पाहिजे.

त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो आणि एमसीबी एकच, असा गैरसमज सर्रास आढळतो. एमसीबी मुख्यतः तारेला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. अंगातून वीज जमिनीकडे जाऊ लागली, की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण अधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही, तर तो बिघडला असे समजावे.

पैसे द्यावेत केव्हा?

दर पॉइंटच्या हिशोबाने ठरला, तरी मजुरीत काय येते आणि माल कोण आणणार, हे कागदावर असावे. भिंत खोदल्यावर प्लास्टर कोण करणार, यावरून तर हमखास भांडणे होतात! तारा तांब्याच्या आणि आयएसआय खुणेच्या घ्याव्यात. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, पॉवर पॉइंटला अडीच आणि एसी-गीझरला चार, असा ढोबळ हिशोब धरायला हरकत नाही. पैसे वाचवायचेच असतील, तर शोभेचे महागडे स्विच मागे ठेवावेत, तार नव्हे.

पाइप टाकून झाले, की प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. पुढे कॅलेंडरसाठी खिळा ठोकताना त्यांची आठवण होईल. शेवटचा हप्ता मात्र चाचणी होईपर्यंत हातात राखावा. ठेकेदाराने ५०० व्होल्टचा मेगर लावून तारांचे इन्सुलेशन तपासावे. ते एक मेगओहमपेक्षा कमी भरू नये. तो आकडा, अर्थिंगचे माप आणि कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा याची यादी सहीनिशी घेऊन मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावी.